हिमनदीचा उपसागर आणि आगाऊ तिकिटाची गोष्ट

पंढरीच्या वारीला निघणारा शेतकरी एकाएकी उठून चालू लागत नाही. पेरणी उरकायची, गुरांची सोय शेजाऱ्याच्या गळ्यात घालायची, दिंडीत नाव सांगून ठेवायचे, आणि मगच पाऊल उचलायचे. लांबच्या वाटेची तयारी घरीच होते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आज ज्या वाटेची हकीकत सांगायची आहे ती मात्र फारच लांबची आहे. उत्तर अमेरिकेच्या वायव्य टोकाला अलास्का नावाचा मुलूख आहे. तिथे एक उपसागर आहे, त्याचे नावच ‘ग्लेशियर बे’, म्हणजे हिमनद्यांचा उपसागर. तो पाहायला जायचे तर आगबोटीवरची जागा वर्षभर, कधी दीड वर्ष आधी धरून ठेवावी लागते. एवढी घाई कशासाठी? उत्तर इतिहासात आहे.

आधी हिमनदी म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. उंच डोंगरांवर वर्षानुवर्षे बर्फ पडतो. उन्हाळ्यात वितळतो त्यापेक्षा जास्त पडतो. थरावर थर बसतात, खालचे थर दाबले जाऊन दगडासारखे घट्ट होतात, आणि तो सारा भार आपल्याच वजनाने उताराकडे सरकू लागतो. आपल्या गंगेचा उगम गंगोत्रीच्या अशाच एका हिमनदीच्या मुखातून होतो. अलास्कात फरक एवढाच, की तिथल्या काही हिमनद्या थेट समुद्रात उतरतात. मग तोंडाशी बर्फाचे कडे मेघगर्जनेसारखा आवाज करीत पाण्यात कोसळतात. हेच पाहायला जगभरचे लोक जातात.

पण हा उपसागर अडीचशे वर्षांपूर्वी नव्हताच, बरं का! तिथे एक खोरे होते आणि त्या खोऱ्यात हूना त्लिंगित नावाच्या लोकांची वस्ती होती. मासे, सील नावाचे समुद्रातले प्राणी आणि रानमेवा यांवर ते पोट भरीत. अठराव्या शतकात हवा अधिक थंड झाली आणि उत्तरेकडची हिमनदी पुढे सरकू लागली. कुत्रा धावावा तशा वेगाने बर्फ आला, असे हे लोक आपल्या पूर्वजांकडून ऐकत आले आहेत. घरे गेली, गाव गेले. लोक सामुद्रधुनी ओलांडून पलीकडे गेले. तिथेच आजचे हूना गाव आहे.

पुढे १७९४ साली इंग्रज आरमाराचा कप्तान जॉर्ज व्हँकूव्हर या किनाऱ्याचे नकाशे काढीत होता. त्याचा अधिकारी जोसेफ व्हिडबी होड्या घेऊन इथवर आला, तेव्हा त्याला किनाऱ्यात जेमतेम पाच मैलांचा खळगा आणि त्यापुढे बर्फाची भिंत, एवढेच दिसले. नंतर बर्फ मागे हटू लागला. जितका बर्फ मागे, तितका समुद्र आत. जुन्या खोऱ्याच्या जागी उपसागर झाला. त्लिंगित लोकांनी त्याला दिलेल्या नावाचा अर्थही ‘हिमनदीच्या जागी झालेला उपसागर’ असाच आहे.

१८६७ साली अमेरिकेने अलास्का रशियाकडून ७२ लाख डॉलरना विकत घेतला. त्यानंतर बारा वर्षांनी, १८७९ च्या ऑक्टोबरात, मूळचा स्कॉटलंडचा निसर्गअभ्यासक जॉन म्यूर या उपसागरात शिरला. सोबत यंग नावाचा एक मिशनरी आणि चार त्लिंगित माणसे होती. होडीचा नायक होता तोयात्ते नावाचा वयस्क त्लिंगित. आता इथली एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. सिटका चार्ली म्हणून जो त्यांच्यातला गडी होता, तो लहानपणी बापाबरोबर सीलच्या शिकारीला तिकडे गेलेला. त्याने आधीच बजावले, “तिथे जळायला काटकीसुद्धा मिळायची नाही.” बर्फाखालून नुकत्याच सुटलेल्या जमिनीवर झाड कुठून असणार? तोयात्तेचा विश्वास बसेना. बिनझाडांचा मुलूख त्याने जन्मात पाहिला नव्हता. तरीही वाटेतल्या एका बेटावरून त्यांनी सुकी लाकडे होडीत भरून घेतली. पुढे पाऊस आणि थंडी यांत त्याच लाकडांवर त्यांचा स्वयंपाक झाला आणि अंगाला ऊब मिळाली. म्हणजे त्या उपसागरातल्या प्रवासाची पहिली आगाऊ तरतूद ही लाकडाची मोळी होती, आणि सल्ला होता ज्याला ती जागा ठाऊक होती त्याचा.

म्यूरला दिसले ते असे : व्हिडबीने जिथे बर्फाची भिंत पाहिली होती, तिथून ती तीस मैलांहून अधिक मागे गेली होती. पंच्याऐंशी वर्षांत एवढा पालट! त्याचे लेख अमेरिकेत वाचले गेले आणि लोकांना तिकडची ओढ लागली.

मग आला १८८३ चा जुलै महिना. जेम्स कॅरोल नावाच्या कप्तानाने ‘आयडाहो’ ही टपालाची आगबोट थेट या उपसागरात घातली. उतारूंमध्ये एलायझा सिडमोर नावाची लेखिका होती. तिने १८८५ साली अलास्कावर पुस्तक लिहिले, आणि पुढे ती हिंदुस्थानातही हिंडली. तिचे हिंदुस्थानच्या प्रवासाचे पुस्तक १९०३ सालचे आहे. कॅरोलने मोठ्या हिमनदीला म्यूरचे नाव दिले. त्याच साली आगगाडी अमेरिकेच्या वायव्य भागातल्या पॅसिफिक किनाऱ्याकडे सरळ जाऊ लागली. आगगाडीने किनारा गाठायचा आणि तिथून आगबोटीने बर्फ पाहायला जायचे, असा क्रम सुरू झाला. हिमनदीपाशी फळ्यांची वाट बांधली गेली, आणि लांब झगे घातलेल्या बायका नि टोपीवाले पुरुष बर्फावर चढून जाऊ लागले. १८९० साली खुद्द म्यूर परत आला, तो ‘क्वीन’ नावाच्या आगबोटीने, सहलीच्या उतारूंबरोबर. होडीतून गेलेल्या माणसाला अकराच वर्षांनी तिकीट काढून जाता आले!

पण निसर्ग कुणाचे वेळापत्रक पाळत नाही. १० सप्टेंबर १८९९ रोजी वायव्येकडच्या यकुटाट उपसागरात फार मोठा भूकंप झाला. तिथला किनारा एके ठिकाणी ४७ फूट वर उचलला गेला. त्या धक्क्याने म्यूर हिमनदीचे तोंड फुटले आणि सारा उपसागर हिमखंडांनी असा भरून गेला, की पुढे कित्येक वर्षे आगबोटींना जवळ जाता येईना. कंपन्यांनी दुसऱ्या हिमनद्या दाखवायला सुरुवात केली. जिथे हंगामभर वर्दळ होती तिथे पुन्हा शांतता झाली.

त्या शांततेत शास्त्रज्ञ आले. विल्यम कूपर नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ १९१६ साली आला. तोवर बर्फ मुखापासून ६५ मैल मागे गेला होता. उघड्या पडलेल्या खडकावर आधी शेवाळ येते, मग झुडपे, मग झाडे. हा क्रम त्याने जमिनीचे चौकोन आखून, वर्षांमागून वर्षे येऊन टिपला. त्याच्या आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या खटपटीमुळे फेब्रुवारी १९२५ मध्ये हा प्रदेश सरकारी संरक्षणाखाली आला आणि १९८० साली त्याचे राष्ट्रीय उद्यान झाले.

इथे नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बर्फ हटल्यावर हूना लोक आपल्या जुन्या मुलखात परत येऊ लागले होते. संरक्षणाचे कायदे आले आणि त्यांच्या शिकारीवर, पक्ष्यांची अंडी गोळा करण्यावर बंधने आली. एकदा बर्फाने त्यांना हुसकावले, दुसऱ्यांदा कायद्याने अडवले. तिकीट काढून येणाऱ्याला वाट मोकळी, आणि ज्याच्या आज्याचे घर तिथे होते त्याला मनाई! हे शल्य पुष्कळ वर्षे राहिले. अखेर २०१४ साली अंडी गोळा करण्याची परवानगी देणारा कायदा झाला, आणि ऑगस्ट २०१६ मध्ये उपसागराच्या काठी त्यांचे सामुदायिक घर पुन्हा उभे राहिले. त्या दिवशी हूनाचे लोक लाकडी होड्या वल्हवीत आले होते.

आता येऊ आगाऊ जागा धरण्याकडे. मोठ्या आगबोटी पुन्हा येऊ लागल्या, आणि १९७८ च्या सुमारास असे दिसले की उपसागरातले देवमासे कमी झाले आहेत. बोटींच्या आवाजाने ते जातात की काय, अशी शंका आली, म्हणून संख्येवर बंधन घातले गेले. आज एका दिवसात दोनच मोठ्या आगबोटींना आत सोडतात. गुरुजींनी मुलांना हे गणित जरूर घालावे : मे ते सप्टेंबर हे १५३ दिवस, दररोज दोन बोटी, म्हणजे फार तर ३०६ फेऱ्या. आणि २०२३ साली आगबोटीने अलास्काला गेलेले उतारू सोळा लाखांहून जास्त होते! म्हणजे तिकडे गेलेल्या प्रत्येकाला हा उपसागर दिसतोच असे नाही. परवाना ठरावीक कंपन्यांनाच असतो. म्हणून जागा धरण्याआधी पहिला प्रश्न हा विचारायचा, की बोटीच्या वाटेत या उपसागराचे नाव आहे का? नुसते ‘हिमनदीदर्शन’ असे लिहिले असेल तर ती दुसरी हिमनदीही असू शकते.

दुसरी गोष्ट एका जुन्या कायद्याची. १८८६ सालच्या अमेरिकन कायद्याप्रमाणे परदेशी निशाणाच्या बोटीला फक्त अमेरिकन बंदरांमध्ये उतारूंची ने-आण करता येत नाही. मध्ये परदेशी बंदर घ्यावे लागते. म्हणून या बोटी कॅनडातल्या व्हँकूव्हरहून सुटतात, किंवा सिअॅटलहून सुटून वाटेत कॅनडाचे बंदर घेतात. आपल्या माणसाला याचा अर्थ असा, की अमेरिकेचा आणि कॅनडाचा, दोन्ही व्हिसा लागतात. अमेरिकेचा तर एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा हवा. मुलाखतीची तारीख मिळायलाच कधी कधी कित्येक महिने जातात. पुणे-नाशिककडची मंडळी परदेशी असलेल्या लेकासुनेकडे जातात आणि तिथून ही सहल जोडून घेतात. त्यांनी आधी पासपोर्टची मुदत पाहावी, मग व्हिसा, मग बोट, आणि शेवटी विमान. पैसे परत मिळण्याच्या अटीही सही करण्याआधी वाचाव्यात. २०२० साली साथीच्या रोगामुळे मोठ्या बोटींचा सारा हंगामच बुडाला होता. त्या उन्हाळ्यात उपसागराचे पाणी शांत झाले आणि शास्त्रज्ञांना देवमाशांचे आवाज कधी नव्हे इतके स्पष्ट ऐकू आले.

म्यूरचे नाव असलेली ती हिमनदी आता समुद्रापर्यंत पोचतही नाही. जिच्यासाठी ‘आयडाहो’ आत शिरली, ती खडकावर मागे सरकून बसली आहे. आजच्या बोटी तिच्याकडे न जाता उपसागराच्या दुसऱ्या फाट्यात, मार्जरी नावाच्या हिमनदीसमोर थांबतात.

शिक्षकबंधूंना शेवटी एक सुचवावेसे वाटते. फळ्यावर एक लांब उभी रेघ ओढा. खाली समुद्र, वर डोंगर. मुखाजवळ १७९४ लिहा, मध्याच्या आसपास १८७९, आणि टोकाशी १९१६. मग मुलांना विचारा, की रेघेवरच्या प्रत्येक खुणेपाशी कोण उभे होते आणि त्याने बरोबर काय आणले होते. कुणी होकायंत्र आणले, कुणी लाकडाची मोळी, कुणी तिकीट, कुणी मोजपट्टी. आणि खालच्या टोकाशी, पहिल्या खुणेच्याही आधी, हूना लोकांची घरे काढायला विसरू नका.