मटिल्डाला वाट करून देणारे

बीडमध्ये, बिंदुसरेच्या काठच्या एका घरात तुम्ही फासे हातात घेऊन बसला आहात. खेळवणारा मित्र सांगतो, "मार्च 1941. एरिट्रियातलं केरन. तुम्ही ब्रिटिश मटिल्डा रणगाड्याचे लोडर." अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात ती तुम्ही बाहेरून पाहिली होती. आता आत आहात.

बुरुजात तिघं, खांद्याला खांदा. चालक पुढे एकटा. सुमारे 27 टन लोखंड उन्हानं तापलंय, डिझेलचा वास घशात उतरतोय. समोरचं चिलखत 78 मिलिमीटर. हातातला गोळा 40 मिलिमीटरचा, भरीव. इटालियन रणगाडा तो फोडेल. दगडाआडच्या मशीनगनवाल्यावर टाकायला स्फोटक गोळा मात्र नाही, या तोफेला तो दिलेलाच नाही. त्यासाठी शेजारची बेसा मशीनगन. खेळात ही उणीव जरूर धरावी. तिच्याशिवाय मटिल्डा कळत नाही.

आणि एवढं सगळं असून तुम्ही थांबलेले. डोंगोलासची खिंड इटालियनांनी सुरुंग लावून बुजवली आहे. धारूरचा घाट आठवा, तसाच रस्ता, पण दोन्हीकडचे कडे कितीतरी उंच, आणि माथ्यावर शत्रू. पोलाद इथे कुचकामी आहे.

झाकण उघडून खाली उतरता. वरून जखमी आणले जात आहेत. एक जण विचारतो, "पानी हाय का रं?"

तुम्ही दचकता. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण इथे आहे. मार्चच्या मध्यावर त्यांनी उभ्या चढानं जाऊन फ्लॅट टॉप टेकडी घेतली. 'शिवाजी महाराज की जय' ही युद्धघोषणा केरनलाच पहिल्यांदा उठली, असं रेजिमेंटची परंपरा सांगते. तुमचं बीड या वेळी निजामाच्या राज्यात, आणि हा माणूस तुमच्याच बोलीत पाणी मागतोय. बाटली पूर्ण रिकामी करा.

टेकड्यांवर पायदळ लढत राहतं, खाली सॅपर्स ढिगारा उपसतात, आणि 27 मार्चला तुमची मटिल्डा खिंडीतून केरनकडे निघते. फाशांवर चिलखताचे आकडे जिंकतात. इथे ती वाट माणसांनी पायांनी आणि फावड्यांनी मोकळी केली. पुढचं भराभर घडतं. 1 एप्रिलला अस्मरा, 8 एप्रिलला मसावा बंदर. 11 एप्रिलला रूझवेल्ट तांबडा समुद्र युद्धक्षेत्रातून वगळतात, आणि अमेरिकी जहाजांना सुएझपर्यंत माल आणता येतो.