फुरसं, ब्लेड आणि काचेची नळी

जैसलमेरला असताना पहाटे बूट उलटा करून झटकायची सवय लागली. एकदा खरंच फुरसं पडलं. खवले घासत खसखस आवाज करणारं. मी रत्नागिरीचा, ओळख लगेच पटली.

आमच्या जिल्ह्याचं आणि फुरशाचं वैर जुनं. इंग्रज सरकारने बक्षीस लावल्यावर डिसेंबर १८६२ मध्ये आठ दिवसांत लाखाहून जास्त फुरशी मारली गेली. फुरसं काही संपलं नाही.

उपचारांचं तर विचारूच नका. कलकत्त्यात जोसेफ फेअरर यांनी प्राण्यांवर एकेक औषध तपासलं. १८७२ मध्ये त्यांचा मोठा ग्रंथ निघाला, पण खात्रीचा उतारा एकही सापडला नव्हता. पुढे लेनर्ड रॉजर्स यांनी जखम चिरून त्यात पोटॅशियम परमँगनेट भरायला सांगितलं. त्यासाठी खास छोटी सुरी मिळे, औषध तिच्या मुठीतच. तो उपाय कधीच मोडीत निघाला, चिरायची खोड तेवढी उरली.

आमच्या एका जवानाला रात्री पायाला फुरसं चावलं, तेव्हा कुणीतरी ब्लेड काढलंच. हवालदारसाहेबांनी ते हिसकावलं. "रक्त थांबणार नाही याचं!" फुरशाच्या विषाने रक्त गोठत नाही. पायाला फळी बांधली, एक पाऊलही चालू न देता स्ट्रेचरवरून गाडीत घातलं.

डॉक्टरांनी काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं ठेवलं. नळी कलती केली, पाण्यासारखं वाहिलं. मग घोड्याच्या रक्तापासून केलेलं प्रतिविष सुरू झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी नळी उपडी केली तरी रक्त जागचं हललं नाही.