लॅटव्हियन रंगभूमी आणि परकी संगीतनाटके

बाल्टिक समुद्राकाठच्या लॅटव्हियात एखादे जगभर गाजलेले म्युझिकल, म्हणजे संवाद, गाणी आणि नृत्य यांतून कथा सांगणारे नाटक, लॅटव्हियन भाषेत रंगते, तेव्हा परकी कृती आपलीशी करण्याची तिथली जुनी परंपराच पुढे चालू असते. ज्या प्रयोगापासून लॅटव्हियन रंगभूमीचा आरंभ मानला जातो, तो 1868 साली रीगा शहरात झालेला ‘दारुड्या बेर्टुलिस’चा प्रयोग मुळात डॅनिश नाटककार होल्बर्ग यांच्या प्रहसनावर बेतलेला होता, आणि त्याचे लॅटव्हियन रूपांतर एका जर्मनभाषक पाद्र्याने 1790 मध्येच केले होते. जमीनदारी, चर्च आणि शहरी व्यवहार जर्मनभाषकांच्या हाती असताना शेतकऱ्यांची म्हणून हिणवली जाणारी भाषा रंगमंचावर आणणे हेच मोठे धाडस होते. नाट्यकर्मी आडोल्फ्स अलुनान्स यांनी पुढे त्या धाडसाला नियमित नाटकमंडळीचे रूप दिले.

गद्य संवादांपेक्षा गाणी लॅटव्हियनमध्ये आणणे मात्र फार अवघड आहे. या भाषेत आघात, म्हणजे उच्चारातील जोर, बहुतेक शब्दांच्या पहिल्याच अक्षरावर पडतो, तर इंग्रजी गाण्याची ओळ अनेकदा जोरकस एकाक्षरी शब्दावर संपते. त्यामुळे ओळखीच्या चालीत शेवटच्या ठोक्यावर नेमके दुबळे अक्षर येऊ लागते. शिवाय ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ पालटतो, ‘कझस’ म्हणजे शेळ्या आणि ‘काझस’ म्हणजे लग्न, म्हणून स्वर कुठे लांबवायचा हेही भाषांतरकाराला जपावे लागते. चाल आणि भाषा दोन्ही सांभाळणारे हे काम स्वतंत्र कवित्वाच्या तोडीचे मानले पाहिजे.

1970च्या दशकाच्या अखेरीस, सोव्हिएत राजवटीत, संगीतकार रायमोन्ड्स पाउल्स यांनी ड्रायझर यांची ‘सिस्टर कॅरी’ ही कादंबरी आणि कॉनन डॉइल यांचा शेरलॉक होम्स यांवर म्युझिकल रचली, तेव्हा कथा परकी राहिली तरी चाली लॅटव्हियन गीतांसाठीच बांधल्या गेल्या. पुढे 1988 साली झिग्मार्स लिएपिन्श यांचे संगीत आणि मारा झालीते यांचे शब्द असलेला ‘लाचप्लेसिस’ हा रॉक ऑपेरा आला. पाश्चात्त्य रॉक संगीताची धाटणी उसनी घेऊन त्याने आन्द्रेय्स पुम्पुर्स यांच्या 1888 मधील महाकाव्याची कथा मांडली. अस्वलाला फाडणाऱ्या लाचप्लेसिस या वीराच्या पराभवात आणि पुनरागमनाच्या आशेत प्रेक्षकांना आपल्या देशाचे भवितव्य दिसले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात लॅटव्हियन भाषेला राज्यभाषेचा दर्जा देण्याचा ठराव संमत झाला.