तळटीप १४ : घर सोडणे आणि घरात राहणे

१४. समलिंगी पुरुषाला स्वतःची ओळख घर सोडल्यावरच गवसते, हे लेखकाचे गृहीतक मराठी साहित्याला पुरते लागू पडत नाही. सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) या कादंबरीत तनय आणि अनुजा ही भावंडे घरी भाड्याने राहायला आलेल्या एकाच तरुणावर प्रेम करतात. अनुजाच्या दुःखाची घर दखल घेते, तनयचे दुःख त्याच छपराखाली अबोल राहते. मराठीबाहेर पाहिले तर ख्रिस्टोस त्सिओल्कास यांच्या ‘लोडेड’ (१९९५) या कादंबरीतला मेलबर्नचा ग्रीक वंशाचा समलिंगी तरुण आरीही आईवडिलांच्याच घरी राहतो. ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा उरले नाहीत, तेव्हा ही कोंडी आता जुनी झाली, असा आक्षेप येईल. परंतु त्या निकालाने पोलिसांचे भय कमी झाले. नाशिकमधल्या एखाद्या घरातले कुलाचार आणि लग्नाची बोलणी त्याने बदलत नाहीत. शिवाय त्याच न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात समलिंगी विवाहाला मान्यता मिळाली नाही. ज्याला देवघर आणि आईवडील दोन्ही हवे आहेत, त्याला घर सोडायला सांगणे म्हणजे अन्यायाची किंमत त्याच्याकडूनच वसूल करणे होय. बदलायचे आहे ते घराने. — संपा.