हवा गळाली तर गाडी थांबावी की सुटावी?

#थ्रेड #इतिहास

१/ अमेरिकेच्या महामार्गांवर बसएवढी घरे धावताना दिसतात. स्वयंपाकघर, पलंग, न्हाणीघर, सारे काही चाकांवर. या मोटारहोमपैकी अवजड गाड्यांचे ब्रेक आपल्याकडील एसटी आणि ट्रकप्रमाणे दाबलेल्या हवेवर चालतात. हिवाळाभर उभी राहिलेली अशी गाडी बाहेर काढताना जाणता मालक आधी हवेच्या दाबाच्या काट्यांकडे पाहतो.

२/ इंजिन बंद करताच काटा भराभर उतरू लागला, तर कुठेतरी गळती आहे. मग साबणाच्या पाण्याची बाटली घेऊन तो गाडीखाली शिरतो आणि एकेक जोड भिजवून बुडबुडे शोधतो. काम क्षुल्लक दिसते. पण हवा गळाल्यावर गाडीने काय करावे, या प्रश्नाला दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्यात पुष्कळ माणसे मेली आहेत.

३/ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर आगगाडी वेगाने पळू शकत होती, पण थांबू शकत नव्हती. अमेरिकेत चालकाने शिटी दिली की ब्रेकमन मालगाडीच्या टपावर चढत आणि एका डब्यावरून दुसऱ्यावर उड्या मारत हातब्रेकची चाके आवळत. पावसात, बर्फात, रात्रीच्या अंधारातही हेच. पाय घसरला की खाली रूळ.

४/ १८६९ मध्ये जॉर्ज वेस्टिंगहाऊस या २२ वर्षांच्या तरुणाने हवेच्या ब्रेकचे पेटंट घेतले. इंजिनावर हवा दाबणारा पंप, तिथून गाडीभर जाणारी नळी आणि प्रत्येक डब्याखाली दट्ट्याचे नळकांडे. चालकाने झडप उघडली की हवा नळीतून डब्यांपर्यंत जाई, दट्ट्या सरके आणि ब्रेकचे ठोकळे चाकांवर दाबले जात. सारी गाडी एका माणसाच्या हातात आली.

५/ या रचनेत एक घातक उणीव होती. ब्रेक लागण्यासाठी हवा पोहोचणे आवश्यक होते. एखादी रबरी नळी फाटली की साऱ्या गाडीचा ब्रेक गेला. आणि नळी तुटण्याचा सर्वांत संभाव्य क्षण कोणता? चढावर साखळदंड तुटून गाडीचे दोन तुकडे होतात तो. म्हणजे ब्रेकची गरज सर्वाधिक असते, नेमका तेव्हाच तो नाहीसा होई.

६/ १८७२ मध्ये वेस्टिंगहाऊसने आपलीच कल्पना उलटी केली. आता नळी सदैव दाबलेल्या हवेने भरलेली राहणार होती. प्रत्येक डब्याला स्वतःची छोटी टाकी आणि एक त्रिमार्गी झडप मिळाली. नळीतला दाब उतरला की ही झडप टाकीतली हवा नळकांड्यात सोडते आणि ब्रेक लागतो. चालकाला ब्रेक लावायचा असेल तर तो नळीतली हवा बाहेर काढतो.

७/ याचा परिणाम दूरगामी होता. नळी फुटली तर गाडी थांबते. गाडीचे दोन तुकडे झाले तर दोन्ही तुकडे थांबतात. तोवर गळती म्हणजे बिघाड होता. आता गळती हाच थांबण्याचा हुकूम झाला. बिघाड झालाच तर यंत्राने सुरक्षित बाजूला पडावे, या विचाराचे हे एक ठळक उदाहरण.

८/ हे तत्त्व आपण भारतीयांनी डोळ्यांनी पाहिलेले आहे. डब्यातली धोक्याची साखळी ओढली की गाडी थांबते. ती साखळी ब्रेकच्या नळीवरची एक झडप उघडते, एवढेच. आधी निर्वात ब्रेक असताना बाहेरची हवा आत शिरे. आता दाबलेली हवा बाहेर पडते. साखळी ओढणारा प्रवासी प्रत्यक्षात मुद्दाम एक गळती निर्माण करतो.

९/ हा शहाणपणा सर्वांनी लगेच स्वीकारला, असे मात्र नाही. ब्रिटन आणि आयर्लंडमधील काही रेल्वे कंपन्यांकडे साधा निर्वात ब्रेक होता. त्यात ब्रेक लावण्यासाठी नळीतली हवा शोषून निर्वात करावा लागे. म्हणजे नळी तुटली की निर्वात गेला आणि ब्रेकही गेला. १८६९ चाच दोष, फक्त उलट्या दिशेने.

१०/ १२ जून १८८९. उत्तर आयर्लंडमधील आर्मा गावातून रविवारच्या धर्मशाळेची सहल निघाली होती. गाडी मुलांनी आणि पालकांनी खच्चून भरलेली. लांब चढावर इंजिनाची ताकद संपली आणि गाडी थांबली. पुढचे मोजके डबे आधी पुढच्या स्थानकावर नेऊन ठेवावेत आणि उरलेल्यांसाठी परत यावे, असे ठरले.

११/ त्यासाठी गाडी मधोमध सोडवली गेली. नळी वेगळी होताच मागच्या दहा डब्यांचा ब्रेक नाहीसा झाला. त्यांना उतारावर धरून ठेवले होते शेवटच्या डब्यातल्या एका हातब्रेकने आणि चाकांखाली सरकवलेल्या दगडांनी. इंजिन पुढे निघताना किंचित मागे सरकले. त्या हलक्या धक्क्याने दगड चिरडले गेले.

१२/ मागचे डबे उताराने सुटले आणि पाठोपाठ येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० माणसे मेली. त्यांत लहान मुले पुष्कळ होती. त्या डब्यांना स्वयंचलित ब्रेक असता, तर नळी वेगळी करताच ते जागच्या जागी जखडले गेले असते. ते तंत्र तेव्हा १७ वर्षे उपलब्ध होते.

१३/ त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा करून प्रवासी गाड्यांना स्वयंचलित ब्रेक सक्तीचा केला. अमेरिकेत १८९३ च्या कायद्याने मालगाड्यांनाही हवेच्या ब्रेकची सक्ती आली. अपघातांच्या इतिहासात हा क्रम वारंवार दिसतो: उपाय आधी सापडतो, सक्ती मात्र प्रेते मोजल्यानंतर येते.

१४/ आपल्या बोरघाटातही हाच विचार दुसऱ्या रूपात आहे. १८६३ मध्ये खुल्या झालेल्या या घाटात ३७ फुटांना १ फूट असा तीव्र उतार आहे. उतरणाऱ्या गाडीसाठी सांधे मुळात चढणीच्या आडमार्गाकडे वळवलेले असतात. गाडी आधी थांबून दाखवते, मगच तिला मुख्य मार्ग मिळतो. ताबा सिद्ध होईपर्यंत तो नाही असेच मानायचे.

१५/ मग प्रश्न सुटला का? पूर्ण नाही. गळती दोन प्रकारची असते. नळी फाटते तेव्हा दाब एकदम कोसळतो. पण लांब मालगाडीत शेकडो जोड असतात आणि त्यांतून थोडी थोडी हवा सतत झिरपत असते. प्रत्येक झिरपण्याला झडपेने ब्रेक लावून उत्तर दिले, तर गाडी जागची हलणारच नाही.

१६/ म्हणून त्रिमार्गी झडपेत एक बारीक खाच ठेवलेली असते. दाब सावकाश उतरला तर टाकीतली हवा त्या खाचेतून नळीत परत जाते, दोन्हीकडचा दाब सारखा राहतो आणि झडप स्वस्थ बसते. ही सवलत अपरिहार्य होती. पण तिचा अर्थ असा की मोठी गळती यंत्राला कळते, मंद गळती कळत नाही. ती माणसालाच शोधावी लागते.

१७/ या सवलतीची किंमत २०१३ मध्ये कॅनडात मोजावी लागली. ५ जुलैच्या रात्री क्वेबेक प्रांतातील नान्त येथे खनिज तेलाच्या ७२ टाक्यांची मालगाडी उतारावर मुक्कामाला उभी केली गेली. चालकाने ७ हातब्रेक आवळले, इंजिनांचा हवेचा ब्रेक लावला, एक इंजिन सुरू ठेवले आणि तो विश्रांतीसाठी गेला.

१८/ इंजिनांचा तो ब्रेक १८६९ च्या तत्त्वावरचा होता: हवा असेल तोवर ब्रेक. टाक्यांच्या डब्यांवरचा स्वयंचलित ब्रेक लावलेलाच नव्हता. हातब्रेक पुरेसे आहेत का, याची चाचणीही इंजिनांचा हवेचा ब्रेक लावलेला असतानाच झाली. त्यामुळे गाडी हातब्रेकने धरली आहे की हवेने, हे कळलेच नाही.

१९/ मध्यरात्रीपूर्वी सुरू असलेल्या इंजिनाला आग लागली. अग्निशमन दलाने ती विझवली आणि इंजिन बंद केले. त्यांच्या दृष्टीने ते योग्यच होते. पण इंजिनाबरोबर हवा भरणारा पंपही थांबला. मग अंधारात, कोणी जवळ नसताना, जोडाजोडांतून हवा झिरपू लागली.

२०/ मिनिटाला जेमतेम एक पौंड या संथ गतीने नळीतला दाब उतरत गेला. तो इतका संथ होता की डब्यांवरच्या स्वयंचलित ब्रेकला जाग आली नाही. इकडे इंजिनांवरची पकड मात्र सैल होत गेली. रात्री एकच्या सुमारास गाडी आपोआप हलली.

२१/ सुमारे साडेअकरा किलोमीटरच्या उतारावर तिने ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेग घेतला आणि लाक-मेगांटिक गावाच्या मध्यभागी ती रुळांवरून उतरली. तेल पेटले. ४७ माणसे मेली. चौकशी अहवालाने १८ कारणे नोंदवली. एका माणसाच्या चुकीवर सारे ढकलता येणार नाही, असा त्याचा रोख होता. २०१८ मध्ये खटल्यातील तिन्ही कर्मचारी निर्दोष सुटले.

२२/ आता पुन्हा रस्त्यावर येऊ. ट्रक आणि बसमध्ये हवेचा ब्रेक आला तोही सुरुवातीच्या सरळ तत्त्वाने: पायपट्टी दाबा, हवा जाईल, ब्रेक लागेल. पुढे त्याला स्प्रिंग-ब्रेकची जोड मिळाली. यात ब्रेक लावते ती एक प्रचंड ताकदीची स्प्रिंग. हवा तिला फक्त मागे दाबून धरते. हवा गेली की स्प्रिंग मोकळी होते आणि चाक जखडते.

२३/ त्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या मोटारहोमची सगळी हवा गळाली, तरी ती उतारावरून सुटत नाही. उलट जागेवर खिळते. लाक-मेगांटिकच्या गाडीत आणि हिच्यात नेमका हा फरक आहे. तिथे थांबलेपण बऱ्याच अंशी हवेवर उभे होते. इथे हलण्यासाठी हवा लागते.

२४/ धोका उरतो तो चालत्या गाडीत. दाब साठ पौंडांच्या आसपास आला की इशारा वाजतो. पंचेचाळीस ते वीसच्या दरम्यान स्प्रिंग पूर्ण ब्रेक लावते, मग गाडी वळणावर असो वा पुलावर. म्हणून अमेरिकेत अवजड वाहनांच्या चालकांना चाचणी शिकवली जाते: इंजिन बंद, ब्रेक मोकळे, तर सुट्या वाहनाचा दाब मिनिटाला दोन पौंडांहून अधिक उतरू नये; पायपट्टी दाबून धरली तर तीनहून अधिक नाही.

२५/ गळती शोधण्याची रीतही तर्कशुद्ध आहे. गाडी सपाट जागी, चाकांना ठोकळे लावून. पायपट्टी दाबल्यावरच काटा वेगाने उतरत असेल, तर दोष पायझडपेच्या पुढच्या नळ्यांत. उभे राहण्याचा ब्रेक लावताच गळती थांबत असेल, तर दोष स्प्रिंग-ब्रेककडच्या नळ्यांत. क्षेत्र असे आकुंचित झाले की मग साबणाचे पाणी.

२६/ इथे एक फसवी जागा आहे. एखाद्या झडपेच्या निकास-भोकातून हवा येताना दिसते आणि माणूस ती झडप बदलतो. गळती तशीच राहते. कारण दोष पुष्कळदा दूरच्या ब्रेक-डब्यातल्या अंतर्गत रबरात असतो; तिथली हवा उलटी येऊन या भोकातून बाहेर पडते. (स्प्रिंगचा तो डबा स्वतः कधीही उघडू नये, सुटलेली स्प्रिंग जीव घेते.)

२७/ बुडबुडा दिसतो तिथे हवा बाहेर पडते. दोष तिथेच असतो असे नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे ओळखीचे आहे. लाक-मेगांटिकची आग गावात दिसली; तिची गळती साडेअकरा किलोमीटर वर, एका बंद इंजिनाजवळ होती आणि त्याही मागे, अपुऱ्या चाचणीत होती.

२८/ आपल्याकडे सायकलच्या दुकानात घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून पंक्चर शोधणारा माणूस हेच करत असतो. फाटलेली नळी गाडी थांबवील, याची तजवीज वेस्टिंगहाऊसने १८७२ मध्ये करून ठेवली. सावकाश झिरपणाऱ्या हवेसाठी मात्र आजही कोणीतरी थांबून, काट्याकडे एक पूर्ण मिनिट पाहावे लागते.

(समाप्त)