१३७ चा इतिहास

कंटेनरमध्ये जावा चालवणाऱ्यांना १३७ हा आकडा पाठ असतो. १२८ अधिक ९. नऊ म्हणजे सिगकिल. कर्नलने प्रोसेस मारली, तीही न विचारता! जावाच्या लॉगमध्ये 'आउट ऑफ मेमरी'ची साधी ओळसुद्धा नाही. रात्री दोनला फोन आला की शोधायचं काय आणि कुठे?

गोष्ट सुरू होते २००६ मध्ये. गूगलच्या पॉल मेनाज आणि रोहित सेठ यांनी 'प्रोसेस कंटेनर्स'वर काम सुरू केलं. कंटेनर या शब्दाचे आधीच फार अर्थ झाले होते, म्हणून पुढे नाव पडलं कंट्रोल ग्रुप, म्हणजेच सीग्रुप. जानेवारी २००८ मध्ये लिनक्स २.६.२४ बरोबर ते आलं. मेमरीला मर्यादा घालणारा बलबीर सिंग यांचा भाग एप्रिलमध्ये, २.६.२५ मध्ये.

म्हणजे भिंत २००८ लाच बांधून झाली. पण आत राहणाऱ्याला ती दिसतच नव्हती! साध्या डॉकर कंटेनरच्या आतून 'मेमइन्फो' वाचलं तर आजही अख्ख्या मशीनची मेमरी दिसते. आणि जावाची जुनी सवय अशी, की काही सांगितलं नाही तर दिसेल त्या मेमरीच्या एक चतुर्थांश हीप धरायचं. मशीन ६४ जीबीचं, कंटेनर २ जीबीचा, आणि जावाच्या डोक्यात १६ जीबी! मग कचरा उचलायची घाई कशाला? २ जीबी ओलांडले की कर्नल हजर.

२०१३ मध्ये डॉकर आलं आणि हे दुखणं घरोघरी पोचलं. लोक हाताने हीपची कमाल मर्यादा द्यायला लागले, बऱ्याचदा नेमकी कंटेनरएवढीच. पण हीप म्हणजे काही सगळी जावा नव्हे. प्रत्येक थ्रेडचा स्टॅक (६४ बिट लिनक्सवर सहसा १ एमबीपर्यंत), मेटास्पेस, जेआयटीचा कोड, डायरेक्ट बफर... हे सगळं हीपच्या बाहेर. त्यामुळे पुन्हा १३७.

एप्रिल २०१७ मध्ये जावा ८ च्या १३१ व्या अपडेटमध्ये सीग्रुप बघायची सोय आली, तीही 'प्रायोगिक' पाटी लावून. मार्च २०१८ च्या जावा १० मध्ये ती आपोआप चालू झाली आणि ऑक्टोबरमध्ये जावा ८ लाही मिळाली. भिंत दिसायला दहा वर्षं! तोवर सीग्रुपची दुसरी आवृत्ती आली होती. तिच्यात फाइलींची नावंच बदललेली, जावा परत आंधळी. ते निस्तरलं २०२० च्या जावा १५ मध्ये.

चतुर्थांश मात्र तसाच आहे. २ जीबीच्या कंटेनरात आजही न सांगता ५१२ एमबीचंच हीप मिळतं, बाकी जागेचे पैसे फुकट. मी टक्केवारीचा पर्याय वापरून ७० पासून सुरुवात करतो, आणि आधी थ्रेड मोजतो.