हिवतापाच्या डासांचे नियंत्रण : कीटकनाशके निष्प्रभ होऊ न देता

हिवताप (मलेरिया) हा ॲनॉफिलीस डासाच्या मादीमुळे पसरणारा आजार आहे. डास मारण्यासाठी शासनातर्फे फवारणी केली जाते व मच्छरदाण्या वाटल्या जातात. परंतु एकाच गटातील कीटकनाशक वर्षानुवर्षे वापरले की डास त्याला दाद देईनासे होतात. यालाच कीटकनाशक प्रतिकार म्हणतात. तो कसा निर्माण होतो, कार्यक्रमात त्यासाठी कोणते उपाय आहेत आणि आपण घरी काय करावे, याची माहिती जयपूर शहराचे उदाहरण घेऊन येथे दिली आहे. जयपूरमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ती थेट उपयोगी पडेल. महाराष्ट्रातील शहरांतही हिवतापाचा मुख्य डास तोच असल्याने तेथील वाचकांनीही ती वाचावी.

शहरातील डास कोणता?

भारतातील शहरांत हिवताप मुख्यतः ॲनॉफिलीस स्टीफेन्सी या डासामुळे पसरतो. ग्रामीण भागात ॲनॉफिलीस क्युलिसिफॅसिस हा प्रमुख वाहक आहे. स्टीफेन्सीला गटाराचे घाण पाणी लागत नाही. तो साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो.

जयपूरमध्ये अशा पाण्याची कमतरता नाही. शहराला बिसलपूर धरणाचे पाणी मिळते, परंतु नळाला ते ठरावीक वेळीच येते. त्यामुळे गच्चीवरची टाकी, जमिनीखालचा हौद आणि पिंप प्रत्येक घरात असते. उन्हाळ्यात त्यात कूलरची भर पडते. पक्ष्यांसाठी टांगलेला पाण्याचा परिंडाही विसरू नये. पश्चिम राजस्थानात पावसाचे पाणी साठवण्यासाठी बांधलेल्या ‘टांका’ या भूमिगत कुंडांतही हाच डास वाढतो. त्या भागात 1994 मध्ये अतिवृष्टीनंतर हिवतापाची मोठी साथ आली होती.

प्रतिकार कसा निर्माण होतो?

डास औषधाला ‘सरावतो’ असे आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात निवड होत असते. हजारो डासांत एखाद्याच्या शरीरात जन्मतःच असा बदल असतो की औषध त्याला मारू शकत नाही. फवारणीत बाकीचे मरतात, तो उरतो आणि त्याचीच संतती वाढते. हा बदल प्रामुख्याने दोन प्रकारचा असतो:

- औषध ज्या ठिकाणी काम करते ती मज्जातंतूंतील जागा बदलते. डीडीटी आणि पायरेथ्रॉइड ही दोन्ही औषधे एकाच जागी काम करत असल्याने एका बदलाने दोन्ही निष्प्रभ होऊ शकतात. जयपूरच्या शेजारील अलवर येथील स्टीफेन्सी डासांत असा जनुकीय बदल आढळल्याचे 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदवले आहे.
- डासाच्या शरीरातील विकरे (एन्झाइम) औषधाचे विघटन करतात. मॅलेथिऑनला होणारा प्रतिकार बहुधा या प्रकारचा असतो.

कमी मात्रेची फवारणी, अर्धवट फवारलेली घरे आणि पिकांवर होणारा त्याच गटातील औषधांचा वापर यांमुळे ही निवड वेगाने होते.

देशाचा अनुभव

राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम 1953 मध्ये सुरू झाला, तेव्हा देशात दरवर्षी सुमारे 7.5 कोटी रुग्ण व 8 लाख मृत्यू होत असल्याचा अंदाज होता. डीडीटी फवारणीमुळे 1965 पर्यंत रुग्णसंख्या सुमारे 1 लाखावर आली. हिवताप संपला असे वाटू लागले. परंतु 1976 मध्ये रुग्णसंख्या पुन्हा 64 लाखांवर गेली. औषधांचा अपुरा पुरवठा, सैल पडलेले सर्वेक्षण आणि शहरांकडे झालेले दुर्लक्ष ही त्याची कारणे होतीच, पण डासांमधील प्रतिकार हेही एक मोठे कारण होते. डीडीटीला दाद न देणारे क्युलिसिफॅसिस डास गुजरातमध्ये 1959 मध्येच आढळले होते. पुढे महाराष्ट्र व गुजरातमध्ये डीडीटी, एचसीएच आणि मॅलेथिऑन या तिन्हींना प्रतिकार करणारे डास आढळले.

आज कार्यक्रमातील मच्छरदाण्या पायरेथ्रॉइड गटावर अवलंबून आहेत. गडचिरोलीसारख्या जंगलपट्ट्यातील जिल्ह्यात रात्री ही मच्छरदाणी हाच अनेक कुटुंबांचा आधार असतो. हा गट निष्प्रभ झाला तर त्याची झळ आधी त्यांना बसेल. म्हणून जेथे औषधाशिवाय भागते तेथे ते न वापरणे हाही नियंत्रणाचाच भाग आहे.

प्रतिकाराची तपासणी

जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीनुसार कीटकशास्त्रीय पथक त्या भागातील डास पकडून औषध लावलेल्या कागदाच्या नळीत एक तास ठेवते. 24 तासांनंतर मेलेले डास मोजले जातात.

- 98 टक्के किंवा अधिक डास मेले : औषध प्रभावी आहे.
- 90 ते 98 टक्क्यांच्या दरम्यान : प्रतिकाराची शक्यता, पुन्हा तपासणी आवश्यक.
- 90 टक्क्यांहून कमी : प्रतिकार सिद्ध.

कार्यक्रमातील उपाय

राष्ट्रीय हिवताप निर्मूलन आराखड्यानुसार (2016–2030) देशातून 2030 पर्यंत हिवतापाचे निर्मूलन करायचे आहे. प्रतिकार टाळण्यासाठी पुढील तत्त्वे पाळली जातात:

- गट बदलणे : सतत एकच गट न वापरता ठरावीक काळाने वेगळ्या पद्धतीने काम करणारे औषध वापरणे. डीडीटीऐवजी पायरेथ्रॉइड आणणे हा खरा बदल नव्हे, कारण दोन्ही एकाच जागी काम करतात.
- एकाच गटाचा दुहेरी वापर टाळणे : जेथे पायरेथ्रॉइडच्या मच्छरदाण्या आहेत, तेथे भिंतींवर त्याच गटाची फवारणी करू नये.
- नवीन मच्छरदाण्या : प्रतिकार असलेल्या भागांसाठी पायरेथ्रॉइडसोबत क्लोरफेनापीर असलेल्या मच्छरदाण्यांची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये केली आहे.
- अळी नियंत्रण : 1971 मध्ये सुरू झालेल्या नागरी हिवताप योजनेत शहरांसाठी भर अळ्या नष्ट करण्यावर आहे. त्यासाठी गप्पी किंवा गंबुशिया मासे, जिवाणूजन्य अळीनाशक (बीटीआय) आणि टेमिफॉस वापरले जाते.

औषधाशिवायचा उपाय नवा नाही. डीडीटी येण्याच्या कितीतरी आधी, 1911 मध्ये, डॉ. बेंटली यांनी मुंबईतील हिवतापाचा अभ्यास केला आणि स्टीफेन्सीची पैदास घराघरांतील विहिरींत होत असल्याचे दाखवले. त्यानंतर विहिरी बुजवणे आणि डास शिरणार नाही अशा झाकणांनी बंद करणे हा मुंबईतील नियंत्रणाचा मुख्य भाग बनला. कोणत्याही डासाला झाकणाविरुद्ध प्रतिकार निर्माण करता आलेला नाही.

आपण घरी काय करावे?

अंड्यापासून डास तयार होण्यास उष्ण हवेत साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस ‘कोरडा दिवस’ पाळावा.

- गच्चीवरील टाकी व हौदाचे झाकण घट्ट बसते का ते पाहावे. हवेच्या नळीला (व्हेंट पाइप) जाळी बांधावी.
- कूलर रिकामा करून आतील बाजू घासून कोरडी करावी. हंगाम संपल्यावर पाणी शिल्लक ठेवू नये.
- परिंडा, पिंपे व जनावरांचे पाण्याचे कुंड घासून नव्याने भरावे.
- रिकामा करता न येणाऱ्या हौदात गप्पी मासे सोडावेत. मासे कोठे मिळतील याची चौकशी आरोग्य विभागाकडे करावी.
- बाजारातील कीटकनाशक स्वतःच्या मनाने पाण्यात टाकू नये.

फवारणी पथक किंवा मच्छरदाणी आल्यास

- सर्व खोल्यांत फवारणी करू द्यावी. देवघर किंवा स्वयंपाकघर वगळले तर डासांना तेथे आसरा मिळतो. अन्न व भांडी आधी बाहेर काढावीत आणि भिंती सुकेपर्यंत घरात जाऊ नये.
- त्यानंतर अडीच ते तीन महिने भिंती सारवू किंवा रंगवू नयेत.
- मच्छरदाणी वर्षभर वापरावी, सौम्य साबणाने गार पाण्यात धुवावी व सावलीत वाळवावी. ती साधारण तीन वर्षे किंवा 20 धुण्यांपर्यंत प्रभावी राहते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*आमच्या गल्लीत रोज धूरफवारणी का होत नाही?*
धुराचा परिणाम थोडाच वेळ टिकतो आणि पाण्यातील अळ्यांवर तो होत नाही. स्टीफेन्सी बहुधा घरात विसावतो, त्यामुळे रस्त्यावरचा धूर त्याच्यापर्यंत फारसा पोहोचत नाही. गरज नसताना केलेली फवारणी प्रतिकाराला मात्र हातभार लावते. म्हणून ती प्रामुख्याने साथीच्या वेळी व रुग्ण आढळलेल्या परिसरात केली जाते.

*कॉइल व लिक्विड व्हेपोरायझर वापरावे का?*
यांतही बहुधा पायरेथ्रॉइड गटातील रसायने असतात. गरजेपुरते वापरावे, परंतु झाकण, खिडकीची जाळी आणि मच्छरदाणी यांना तो पर्याय नव्हे.

*भारतातील डासाची चिंता इतर देशांना का?*
स्टीफेन्सी 2012 मध्ये आफ्रिकेतील जिबूती येथे आढळला. त्या वर्षी तेथे हिवतापाचे 27 रुग्ण नोंदले गेले होते; 2020 मध्ये ही संख्या 73 हजारांहून अधिक झाली. तो कीटकनाशकांना प्रतिकार करणारा असल्याने तेथील शहरांत त्याला रोखणे अवघड झाले आहे.

*ताप आल्यास काय करावे?*
त्वरित रक्त तपासून घ्यावे. शासकीय रुग्णालयात व प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी व उपचार मोफत आहेत. हिवताप निघाल्यास, ताप उतरला तरी औषधांचा कालावधी पूर्ण करावा. आजारी व्यक्ती मच्छरदाणीत झोपल्यास तिच्याकडून डासाकडे व डासाकडून इतरांकडे होणारा प्रसार थांबतो.

*तक्रार कोठे करावी?*
परिसरात पाणी साचले असल्यास किंवा टाक्या उघड्या असल्यास नगर निगमला कळवावे. राजस्थानमध्ये 181 या ‘राजस्थान संपर्क’ क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. महाराष्ट्रातील वाचकांनी आपली महानगरपालिका, नगरपालिका किंवा जवळच्या आरोग्य केंद्राशी संपर्क साधावा.